सिस्टर, नर्सबाई आणि नर्सिंग ऑफिसर

रात्री अडीचला वॉर्डातल्या एखाद्या पेशंटचा बीपी घसरला तर ते सगळ्यांत आधी सिस्टरला कळतं. दहा वर्षं त्याच वॉर्डात काढलेली असेल तर आता काय द्यावं लागेल, हेही तिला बहुतेक वेळा ठाऊक असतं. तरी ती आधी फोन उचलते. पलीकडून निवासी डॉक्टर झोपेतच ऑर्डर सांगतो, ती त्याला परत वाचून दाखवते, केसपेपरवर ‘फोनवरून’ असं लिहून ठेवते. सकाळी त्याखाली डॉक्टरांची सही घ्यायचीच, कारण सही राहिली तर जाब तिलाच विचारला जातो. नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिक्षण घेऊन उपचाराचे काही निर्णय स्वतः घेऊ शकणारी नर्स), समुदाय आरोग्य अधिकारी, नर्सिंग ऑफिसर ही नवी नावं ऐकताना हा फोन डोळ्यांसमोर ठेवावा. तो करावा लागू नये, निदान दर वेळी लागू नये, याचीच ही धडपड आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली, तेव्हापासून नर्सिंग हा शिकून करायचा व्यवसाय झाला. ती स्वतः भारतात कधी आली नाही, पण इथल्या लष्करी छावण्यांच्या अस्वच्छतेवर तिनं भरपूर लिहिलं. १८७१ मध्ये मद्रासच्या सरकारी रुग्णालयात प्रशिक्षण सुरू झालं. मुंबईत कामा रुग्णालय उघडलं १८८६ मध्ये, आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत प्रशिक्षणाला आल्या. प्रशिक्षणाला आलेल्या पहिल्या भारतीय नर्स म्हणून पाठ्यपुस्तकांत त्यांचं नाव एका ओळीत येतं आणि विद्यार्थी ते एका मार्काला पाठ करतात. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय काढलं, त्याच्याही जोडीला नर्सिंगची शाळा आली.

शाळा निघाल्या, पण शिकायला येणार कोण? परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, बेडपॅन द्यायचं, रात्र घराबाहेर काढायची. ‘चांगल्या घरची’ म्हणवणाऱ्या कुटुंबांत ही कल्पनासुद्धा सहन होत नसे. बाळंतपण हे सुइणीचं काम, आणि सुईण अंगणापलीकडची. त्यामुळे सुरुवातीच्या नर्स प्रामुख्यानं युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि देशी ख्रिस्ती होत्या. मुंबईच्या रुग्णालयांत ख्रिस्ती पंथाच्या जोगिणी, म्हणजे नन, काम करत. ‘सिस्टर’ हा शब्द त्यांच्याबरोबर आला आणि सगळ्यांना चिकटला. पुढे पुरुष आले तेव्हा त्यांचा ‘ब्रदर’ झाला.

ही कोंडी मराठी मुलखात फोडली ती रमाबाई रानडे यांनी. १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनातून त्यांनी बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. त्यांत विधवा होत्या. ज्यांना घरात कोपरा आणि लाल आलवण याशिवाय काही उरलं नव्हतं, त्यांच्या हातात पगार आला. सेवाभावाच्या गोष्टी आपण फार सांगतो. या बायकांसाठी नर्सिंग आधी पोटापाण्याची सोय होती, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं हिशेब मांडला तेव्हा देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. अहवाल आला १९४६ मध्ये, आणि त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथं नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी महाविद्यालय १९६४ चं.

त्याच काळात एक विचित्र विभागणी झाली, आणि माझ्या मते आजचे बरेच प्रश्न तिथून आले आहेत. १९५१ पासून सहायक परिचारिका-प्रसाविका तयार होऊ लागल्या. उपकेंद्रातली ‘नर्सबाई’ ती हीच. ती एकटीनं बाळंतपण करायची, तांबी बसवायची, लसी टोचायची; डॉक्टर दहा-पंधरा किलोमीटरवर. शहरातली जास्त शिकलेली सिस्टर मात्र ऑर्डरशिवाय साधी गोळी देऊ शकत नव्हती. शिक्षण वाढलं तसा हातातला निर्णय कमी झाला. बाळंतपणं रुग्णालयात आली तशी तीही डॉक्टरांकडे गेली.

अमेरिकेत १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठानं मुलांच्या डॉक्टरांची टंचाई पाहून नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला. आपल्याकडे हा विचार पोहोचायला अर्धशतक लागलं. अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम आला, आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रसूतीसाठी दीड वर्षाचं प्रशिक्षण आणलं. म्हणजे सुइणीकडून काढून घेतलेलं काम पदवीधर नर्सकडे पुन्हा सोपवायचं. आयुष्मान भारतमधल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याची कल्पनाही २०१८ चीच: नर्सला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम देऊन उपकेंद्राची जबाबदारी. महाराष्ट्रात या जागांवर बीएएमएस डॉक्टरही मोठ्या संख्येनं आले. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविद्या आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला.

पदनामांचीही गंमत आहे. राज्याच्या कागदोपत्री अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. वॉर्डात सिस्टर, इनचार्ज, मेट्रन. केंद्रानं स्टाफ नर्सचं ‘नर्सिंग ऑफिसर’ केलं, त्याचं अप्रूप आहेच. पण मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या त्या बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरोधात. खासगीत पगाराचा प्रश्न इतका चिघळला की तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०१६ मध्ये तज्ज्ञ समितीनं छोट्यातल्या छोट्या रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत असं सुचवलं.

मग परदेश. आखाताचा रस्ता मल्याळी नर्सनी केव्हाच मळवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्यात नर्सही आहेत. त्यामुळे ड्युटी संपवून जर्मनचा क्लास गाठायचा, भाषेच्या परीक्षेतली बी-टू पातळी काढायची, अशी धावपळ आता इथल्या मुलामुलींचीही दिसते. तिथे पोहोचल्यावर मात्र एक गोष्ट अनेकांना नवी असते. इथे मावशी किंवा नातेवाईक करतात ते स्पंजिंग, भरवणं, बेडपॅन, सगळं तिथे नर्सनंच करायचं असतं.