साडेचार फुटांचं पार्टिशन

पालकसभा संपत आली की कोणीतरी हात वर करतं आणि विचारतं, मुलांच्या मोबाईलचं काय करायचं? मागच्या महिन्यात कोथरूडच्या एका शाळेत समुपदेशक मॅडमनी सांगितलं, "हॉलमध्ये बसून, सगळ्यांसमोर वापरू द्या." माना डोलल्या. मला मात्र टिळक रस्त्यामागच्या गल्लीतलं एक सायबर कॅफे आठवलं, कारण हा सल्ला तिथला आहे.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य माणसासाठी इंटरनेट खुलं केलं. पण घरी मोडेम आणि फोनचं बिल परवडणारी कुटुंबं पेठांमध्ये मोजकीच. आम्ही कॉलेजातली पोरं जायचो कॅफेत. अंधारा जिना, वर सहा-सात मशीन, प्रत्येकाभोवती छताला टेकेल असं प्लायवूडचं पार्टिशन आणि पुढे पडदा. दारात एक रजिस्टर असायचं. त्यात नाव-पत्ता लिहायचा आणि बहुतेक पानांवर दोन-तीन सचिन तेंडुलकर सापडायचे. कोपऱ्यातलं मशीन कायम कोणीतरी अडवलेलं. "पाच नंबर, टाइम झाला!" अशी काकांची हाक आली की पडद्याआडून आधी खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा, मग माणूस. घरच्यांना वाटायचं, पोरगं अ‍ॅडमिशनची माहिती काढतंय. अर्धा वेळ ते खरंही असायचं.

या पार्टिशनचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. इंटरनेटवरच्या अश्लील मजकुराबद्दल आलेल्या एका तक्रारपत्राची न्यायालयाने २००१ मध्ये दखल घेतली आणि अल्पवयीन मुलांना अशा मजकुरापासून कसं वाचवायचं, हे ठरवायला समिती नेमली. जानेवारी २००२ मधल्या अहवालात तिने सुचवलं की कॅफेत ओळखपत्र बघावं आणि मुलांना आडोशाच्या मशीनवर न बसवता मोकळ्या जागेतल्या मशीनवर बसवावं. पुढे एप्रिल २०११ मध्ये केंद्राने सायबर कॅफेचे नियमच काढले. पार्टिशन जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा उंच नको, उघड्यावरच्या मशीनचा स्क्रीन बाहेरच्या बाजूला असावा, पालक सोबत नसतील तर अल्पवयीन मुलाला क्युबिकलमध्ये बसवू नये. इतका बारीक विचार! फक्त तोवर आमच्या त्या कॅफेत झेरॉक्सचं मशीन आलं होतं आणि काका सीईटीचे फॉर्म भरून देत होते. मुलं निघून गेली होती.

गेली कुठे, तर घरी. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं आणि हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, प्लास्टिकचं कव्हर घातलेला कॉम्प्युटर आला. तेव्हा 'कॉम्प्युटर हॉलमध्येच ठेवा' हा सल्ला खरोखर चालत होता, याचं कारण साधं होतं: एकच मशीन, एकच वायर, आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत चार वेळा डोकावणारी आई. ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर कोणाचं स्क्रॅप, म्हणजे निरोप, आलं हे मुलाआधी तिलाच कळायचं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट रुजली, जिच्याकडे आपल्यापैकी कोणाचंच लक्ष नव्हतं. सोशल मीडियावर खातं उघडताना १३ वर्षांची जी अट दिसते, ती कुठल्या बालमानसतज्ज्ञाने आपल्या मुलांकडे बघून ठरवलेली नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २००० पासून लागू झाला. तेराच्या आतल्या मुलाची माहिती गोळा करायची तर आईवडिलांची परवानगी घ्या, असं तो सांगतो. परवानगी घेत बसण्यापेक्षा 'तेराच्या आतल्यांना प्रवेश नाही' असं लिहिणं कंपन्यांना सोपं गेलं. मुलांना त्याहून सोपं. माझी भाची पाचवीत असताना मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मामा, २०१२ टाकलं की घेत नाही, २००५ टाक." मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच टाकलं.

५ सप्टेंबर २०१६ला जिओ आलं आणि डेटा पुरवून वापरायची सवय गेली. पडदा आता खिशात होता. पुढच्याच वर्षी, मुलांना आत्महत्येपर्यंत नेतो असं म्हटल्या जाणाऱ्या 'ब्लू व्हेल' या ऑनलाइन खेळाची भीती पसरली. ऑगस्ट २०१७ मध्ये सोलापूरचा १४ वर्षांचा एक मुलगा घरातून निघून पुण्याच्या बसमध्ये बसला, तो या खेळाच्या नादाने निघालाय असा संशय होता. पोलिसांनी त्याला भिगवणला उतरवून घेतलं. त्याच आठवड्यात केंद्राने गुगल, फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅपला या खेळाच्या लिंक काढायला सांगितलं. इथल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तर महिनाभर दुसरा विषय नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये मात्र सरकारने लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या एकाही घटनेत या खेळाचा हात सिद्ध झाला नाही. हे उत्तर कोणी फॉरवर्ड केलेलं मला तरी आठवत नाही. खेळाचं नाव मुलांच्या फोनमध्ये शोधण्यात आमचे ते महिने गेले. मूल गप्प का झालंय, हे विचारणं राहून गेलं.

मग २०२० उजाडलं आणि ज्या शाळा दप्तरात मोबाईल सापडला तर जप्त करायच्या, त्यांनीच मोबाईल घ्या म्हणून सांगितलं. त्या जुलैत केंद्राने ऑनलाइन वर्गांसाठी 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचना काढल्या: पूर्वप्राथमिकला दिवसाला ३० मिनिटांहून जास्त नको, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रं. तास संपल्यावर फोन परत कोण घेणार, हे सूचनांमध्ये बसणारं नव्हतंच. दोन खोल्यांच्या घरात बाप 'वर्क फ्रॉम होम', आई कॉलवर, आणि मूल बाल्कनीत हेडफोन लावून. असर हा ग्रामीण भागाचा पाहणी अहवाल. त्यात पुण्यासारखी शहरं येत नाहीत, तरी आकडे बोलके आहेत. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के घरांत स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये ६७.६ टक्के. २०२४च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, सोशल मीडियासाठी ७६ टक्क्यांनी.

कायदा अगदीच झोपलेला नव्हता. मुलांचा अश्लील मजकूर बनवणं-पसरवणं गुन्हा ठरवणारं कलम ६७ब माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००९ पासून आहे आणि १४ नोव्हेंबर २०१२ पासून पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा. लैंगिक हेतूने मुलाचा फोनवरून सतत पिच्छा पुरवणंही पॉक्सोत लैंगिक छळ म्हणून बसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर नुसता जवळ बाळगणंही गुन्हा ठरू शकतं, हे स्पष्ट केलं. हे पालकांनी नीट वाचावं असं मला वाटतं. असा एखादा व्हिडिओ हाती आला की 'सगळ्यांनी सावध राहा' म्हणून तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे काका मी पाहिलेत. हेतू चांगला असेल, पण तो पुढे पाठवणंच गुन्हा आहे. त्याची जागा पोलीस ठाणं, सायबर गुन्ह्यांसाठीची १९३० किंवा मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन.

शहरं चर्चा करत असताना गावांनी आपापले उपाय काढले. २०२२ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला: दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद. यवतमाळमधल्या बान्सी ग्रामपंचायतीने अठराच्या आतल्यांना मोबाईलबंदीचा ठरावच केला. बंदी किती टिकते ते सोडा, पण भोंगा मला आवडला, कारण तो मोठ्यांसाठीही वाजतो. आमच्या सोसायटीत हे सुचवलं तर पहिला विरोध क्रिकेट बघणाऱ्या अध्यक्षांचा येईल.

आता गाडी जागेवरून वयावर आली आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती बंद केली. दंड कंपन्यांना, मुलांना किंवा आईबापांना नाही. आपल्याकडच्या २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्यात मूल म्हणजे अठराच्या आतलं. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळून घेतलेली संमती हवी, त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत, आणि कसूर केली तर दंड २०० कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कंपन्यांना मुख्य तरतुदी पाळायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७चा मे उजाडेल.

ही संमती घेताना आधी समोरचा माणूस मूल आहे हे कळावं लागेल. आमच्या शेजारचा चौथीतला मुलगा दुपारी आजीच्या फोनवर रील्स बघतो. फोन आजीच्या नावावर, खातं आजीचं, जन्मसाल १९५४. आजी सोफ्यावर शेजारीच बसलेली असते, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, आणि बहुतेक वेळा तिचा डोळा लागलेला असतो.