पीएसए नॉर्मल, तरीही कॅन्सर

"पीएसए 0.8 आलाय. आता काळजी नाही ना?" शेजारच्या काकांनी फाइल पुढे केली. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी दोन वर्षं त्यांची हार्मोन तोडणारी इंजेक्शनं चालू आहेत. आकडा उत्तम होता. पण त्याच फायलीत सीटी स्कॅन होता आणि त्यात यकृतावर गाठी दिसत होत्या.

पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या पेशी बनवतात ते, रक्तात मोजलं जाणारं प्रथिन. ते कॅन्सरचं थेट माप नव्हेच. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन प्रोस्टेटच्या पेशीत शिरून एका ग्राहीला, म्हणजे ते ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, ती जोडी केंद्रकात जाऊन काही जनुकं चालू करते. पीएसएचं जनुक त्यांतलंच. म्हणजे ग्राही कामावर आहे, एवढंच मुख्यतः तो आकडा सांगतो. टेस्टोस्टेरॉन तोडलं की हा कॅन्सर आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

पण उपाशी ठेवलेल्या पेशींतल्या काही भलतीच वाट काढतात. आरबी1, टीपी53 ही लगाम घालणारी जनुकं निकामी झालेली पेशी ग्राहीवाचून जगायला शिकते आणि चेतापेशीसारखी प्रथिनं बनवू लागते. हा न्यूरोएंडोक्राइन, स्मॉल सेल प्रकार. क्वचित तो सुरुवातीपासूनच असतो. मग ही पेशी प्रोस्टेटचीच कशावरून? बऱ्याच प्रोस्टेट कॅन्सरांत टीएमपीआरएसएस2 या जनुकाचा खटका, म्हणजे ते चालू करणारा भाग, ईआरजी जनुकाला जोडला गेलेला असतो. ही जोडणी बदललेल्या पेशीतही सापडते, फक्त मुकी असते, कारण तो खटका दाबणारी ग्राहीच उरलेली नसते. वेश पालटला, जन्मखूण तीच! इतका देखणा पुरावा मी फार थोडे पाहिलेत.

म्हणून उपचारही फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरसारखा: सिस्प्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, जोडीला इटोपोसाइड. पहिल्या दोन औषधांतलं प्लॅटिनम डीएनएमधल्या शेजारच्या दोन ग्वानिनांना जखडतं. इटोपोसाइडमुळे डीएनएचे तुटलेले धागे पुन्हा सांधले जात नाहीत. गाठी झपाट्याने विरघळतात, पण बहुतेकदा काही महिन्यांत उलटतात.

काकांना कुणीतरी लक्ष्मणफळाचा काढाही सुचवला होता. त्याने काचेच्या बशीतल्या पेशी मरतात म्हणून माणूस बरा होत नाही, आणि इथे वाया गेलेला एकेक आठवडा महागात पडतो. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

डॉक्टरांनी यकृतातल्या गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. दोन वर्षांपूर्वीच्या स्लाइडवर ग्रंथींची वळणं ओळखू येत होती. या नव्या स्लाइडवर गडद निळ्या केंद्रकांच्या बारीक पेशी एकमेकींना खेटून बसल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात किमो सुरू झाली.