अजिंठ्याचे समुद्रयुद्ध: भिंतीवरून कॅनव्हासवर

खानदेशातून समुद्र बराच दूर. तरीही जळगावहून पहूर, फर्दापूर करत अजिंठ्याच्या लेण्यांत पोहोचलात, तर १७ व्या लेण्यातल्या उजव्या भिंतीवर समुद्र ओलांडून केलेली एक अख्खी स्वारी दिसते. एकोणिसाव्या शतकात हीच स्वारी तैलरंगात उतरवली गेली.

मूळ कथा ‘सिंहल अवदाना’ची, म्हणजे सिंहलाच्या बौद्ध बोधकथेची. व्यापाऱ्याचा मुलगा सिंहल पाचशे साथीदारांसह जहाजाने निघतो. जहाज फुटते आणि सगळे ताम्रद्वीपाला लागतात. तिथल्या सुंदर स्त्रिया प्रत्यक्षात माणसे खाणाऱ्या राक्षसिणी असतात. पांढऱ्या घोड्याच्या रूपातला बोधिसत्त्व सिंहलाला सुखरूप परत आणतो. पण एक राक्षसीण मागोमाग येते, राजाला भुलवते आणि राजवाड्यातल्या सगळ्यांसह त्याला खाऊन टाकते. प्रजा सिंहलालाच गादीवर बसवते आणि मग तो बेटावर चालून जातो.

चित्रकाराने हात मोकळा सोडलाय तो या शेवटच्या प्रसंगात. नगराच्या दारातून हत्ती-घोड्यांची फौज बाहेर पडते. पुढे होड्या, आणि होड्यांत चक्क हत्ती उभे! भाले, ढाली, ताणलेली धनुष्ये यांची इतकी दाटी, की पाणी कुठे संपले आणि किनारा कुठे लागला हे डोळ्यांना शोधावे लागते. समोर केस मोकळे सोडलेल्या राक्षसिणी. माझ्या मते अजिंठ्यात गर्दीची हालचाल इतकी जिवंत क्वचितच दिसते.

हे काम पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातले. लेणे कोरवून घेणारा त्याचा मांडलिक ऋषीक प्रदेशाचा, म्हणजे साधारण आजच्या खानदेशाचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. तेव्हा या चित्राशी आपले नाते फक्त शेजाराचे नाही.

भिंतीवर तेल नाही. माती आणि वनस्पतींच्या धाग्यांचा गिलावा, त्यावर पातळ चुना आणि त्यावर डिंक-सरसात कालवलेले रंग. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली, तेव्हा गिलावा जागोजागी सुटू लागला होता. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी ही चित्रे वाचवा असा आग्रह धरला. त्यानंतर १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास फौजेतल्या रॉबर्ट गिल यांना नकला करायला पाठवले. माध्यम ठरले तैलरंग. यातले तेल सहसा जवसाचे. आपण ज्याची चटणी भाकरीबरोबर खातो, त्याच जवसाचे.

गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिले. अंधार, वटवाघळे, ताप सोसत त्यांनी वर्षानुवर्षे मोठमोठे कॅनव्हास रंगवले. ते लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जवळपास सगळे जळाले. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वाचले. एका माणसाची उमेदीची वर्षे एका रात्रीत गेली, हे वाचताना आजही पोटात तुटते. तरीही गिल यांनी काम सोडले नाही. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

१८७२ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले. पुढे नावारूपाला आलेले पेस्तनजी बोमनजी त्यांच्यात होते. १८८५ पर्यंत सुमारे तीनशे नकला झाल्या. सिंहलाच्या स्वारीला ग्रिफिथ्स यांनी श्रीलंकेच्या परंपरेतल्या विजय राजाचे लंकेतले आगमन मानले. आज ती ओळख मागे पडली आहे. त्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आग लागली आणि शंभराहून अधिक कॅनव्हास गेले. उरलेले आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

नकलांची किंमत भिंतींनीही मोजली. रंग उठून दिसावेत म्हणून ग्रिफिथ्स यांच्या कामात चित्रांवर वॉर्निश फासले गेले आणि पुढे ते पिवळे पडले. ग्रिफिथ्स यांना मी माफ करू शकत नाही, असे म्हणणार होतो. पण १८९६-९७ मध्ये त्यांनी दोन खंडांत छापलेल्या प्रतिमा समोर ठेवल्या की राग टिकत नाही. भिंतीवरचा रंग जिथे नंतर झडला, तिथे काय होते हे पाहायला अभ्यासकांना आजही त्या खंडांकडेच वळावे लागते.