लॅटिना बायका मॅमोग्रामला का येत नव्हत्या, मागची थोडी हिस्टरी

अमेरिकेत लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळाच्या, बायकांना ब्रेस्ट कॅन्सर गोऱ्या बायकांपेक्षा कमी होतो, पण सापडतो उशिरा, आणि कॅन्सरने जाणाऱ्या लॅटिनांमध्ये सगळ्यात जास्त जणी याच कॅन्सरने जातात. आता १९९० चा कायदा आणि १९९१ चा सीडीसीचा (तिथल्या सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्थेचा) प्रोग्राम आल्यावर इन्शुरन्स नसलेल्या गरीब बायकांना मॅमोग्राम, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, फुकट किंवा अगदी स्वस्तात मिळायला लागला होता, मग अडलं कुठे? एक तर तपासणी फुकट, पण कॅन्सर निघाला तर उपचार मेडिकेडमधून (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून) द्यायची मुभा राज्यांना मिळाली थेट २००० मध्ये, म्हणजे मधली जवळजवळ दहा वर्षं "निघालाच तर पैसे कुठून आणू" हा प्रश्न होताच की!

त्या काळात रिसर्चवाल्यांचा लाडका शब्द होता फातालिस्मो, म्हणजे नशिबात असेल ते होणारच म्हणून या बायका येत नाहीत. कॅलिफोर्नियात ऑरेंज काउंटीत विचारलं तर छातीला मार लागल्याने कॅन्सर होतो असं मानणाऱ्या बऱ्याच लॅटिना निघाल्या, हे खरं. पण स्पॅनिशमध्ये बसून नीट बोललं की बाकीचंच जास्त बाहेर यायचं, तासावर काम आहे, सुट्टी घेतली की पगार कट, डॉक्टर पुरुष, भाषा येत नाही म्हणून पोराला दुभाषी म्हणून न्यायचं आणि त्याच्यासमोर छातीबद्दल काय बोलणार, शिवाय कागदपत्रांची भीती. यात नशीब कुठे आलं?

म्हणून मग प्रोमोतोरा. वस्तीतलीच बाई, साधारण आपल्या आशाताईंसारखी, ही पद्धत लॅटिन अमेरिकेतली जुनी. कोलोरॅडोत तेपेयाक प्रोजेक्टने कॅथलिक चर्च धरले, काही चर्चमध्ये प्रोमोतोरा आणि बाकीच्यांना फक्त छापील माहिती, मॅमोग्राम करून घेणाऱ्यांचा आकडा प्रोमोतोरांकडे सरस आला पण किंचितच, उगाच चमत्कार म्हणायला नको. आर्कान्सामध्ये काळ्या बायकांसाठी विटनेस प्रोजेक्ट होता, कॅन्सरमधून उठलेल्या बायका चर्चमध्ये स्वतःची गोष्ट सांगायच्या, त्यावरूनच पुढे लॅटिनांसाठी एस्पेरान्सा ई विदा आला, आणि त्यात नवऱ्यांनाही बोलावलं, हे मला फार आवडलं.

२०१० च्या ओबामाकेअर या आरोग्य विम्याच्या कायद्याने बहुतेक विमा प्लॅन्समध्ये मॅमोग्राम फुकट झाला, पण कागदपत्रं नसलेल्या बाईला बहुतेक राज्यांत सरकारी मार्केटप्लेसवर (विमा प्लॅन विकत घ्यायच्या सरकारी साइटवर) स्वतःच्या पैशानेही प्लॅन घेता येत नाही.