गोव्यातली रानची म्हैस आणि रखडलेला चराईचा हक्क

म्हादई अभयारण्य आणि लगतचे जंगल व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर करायचा विषय निघाला की गोव्यात लगेच दोन तट पडतात. एका बाजूला वाघ वाचवू पाहणारे, दुसऱ्या बाजूला घर आणि बागायत जाईल या भीतीने धास्तावलेले गावकरी. या गदारोळात म्हशीचे नाव कुणी घेत नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे आणि काणकोण या घाटाला टेकलेल्या तालुक्यांत गवळी-धनगरांच्या वाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या म्हशी राखल्या गेल्या आणि त्या वाढल्या त्या रानावरच. त्या रानात चारण्याचा हक्क कुणाचा, हे ठरवायचे काम 1999 पासून रेंगाळले आहे.

आपली दुधाची म्हैस माणसाळली ती याच उपखंडात. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर ती दिसते. चीन आणि आग्नेय आशियातली दलदलीत राबणारी म्हैस वेगळी, आपली वेगळी. दोघींच्या गुणसूत्रांची संख्यासुद्धा एक नाही, आपल्या म्हशीची 50 आणि तिकडचीची 48. गोव्यात दुधासाठी म्हैस आणि चिखलणीसाठी रेडा अशी वाटणी होती. पॉवर टिलर आला आणि शेतातून रेड्यांचे जोत गेले.

घाटावरच्या गवळ्याचे गणित मात्र शेतकऱ्याहून निराळे होते. देशावरचा धनगर मेंढ्या राखतो; सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस एवढा की तिथे मेंढी तग धरत नाही, म्हैस धरते. खाली खोऱ्यात कुणबी आणि गावडे भात पिकवीत, वर गवळी म्हशी चारी. रस्ता नव्हता, त्यामुळे दूध विकायला नेणे शक्यच नव्हते. दुधाचे दही लावायचे, लोणी-तूप डोक्यावरून खाली उतरवायचे, त्याच्या बदल्यात भात-नाचणी आणायची आणि ताक घरात ठेवायचे. म्हशीच्या दुधात सात-आठ टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साधारण चार. तुपावर जगणाऱ्याने म्हैस का निवडली, हे यात आलेच.

म्हशीला रान लागते ते नुसत्या चाऱ्यासाठी नव्हे. तिच्या कातडीत घर्मग्रंथी गाईच्या मानाने फार कमी, रंग काळा आणि केस विरळ. एप्रिल-मे महिन्यांत दुपार चढली की ती कोंडीत किंवा डबक्यात नाकपुड्यांपर्यंत बुडून बसते आणि बाहेर येते ती अंगावर चिखलाचा लेप घेऊनच. त्या लेपामुळे माश्या आणि गोचिडी लांब राहतात. संध्याकाळी वाड्यावर परतल्यावरही ती परक्या हाताला सहजी पान्हा सोडत नाही. आधी रेडकू लावायचे, मग ओळखीच्या हाताने धार काढायची. असे जनावर दाव्याला बांधून विकतच्या चाऱ्यावर पोसता येते, पण मग त्याला पंखा, पाण्याचे फवारे आणि पेंड लागते. तो निराळाच धंदा झाला.

गोवामुक्तीनंतर खोतीगावचे अभयारण्य 1968 मध्ये आणि मोलेचे 1969 मध्ये झाले. तेव्हाही चराईला चाप बसला, पण वाडे विखुरलेले होते आणि रान पुष्कळ होते. खरी पेच पाडणारी घटना 1999 ची. राज्यात राष्ट्रपती राजवट असताना, विधानसभेत चर्चा न होताच म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्ये जाहीर झाली. दोन्ही मिळून 400 चौरस किलोमीटरांहून जास्त क्षेत्र. जंगल वाचले ते या निर्णयामुळेच, हे मी मनापासून मानतो. नाहीतर खाणींनी ते केव्हाच पोखरले असते. पण कायद्याने घोषणेपाठोपाठ एक काम सांगितले आहे. आत राहणाऱ्यांचे हक्क जिल्हाधिकाऱ्याने तपासायचे, नोंदवायचे आणि निकाली काढायचे. पुढे दुरुस्ती होऊन त्याला दोन वर्षांची मुदतही ठरली. ते काम पुरे झाले नाही. चराई बंद, असे लेखी सांगितले गेले नाही आणि चालू, असेही नाही. म्हैस तीच, वाट तीच, पण 1999 नंतर तिला चरायला सोडणारा माणूस कायद्याच्या नजरेत संशयित झाला.

याच काळात दुसरा निर्णय झाला. गोव्यातले गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज 2003 मध्ये अनुसूचित जमातींच्या यादीत आले. धनगर-गवळी बाहेर राहिले आणि त्यानंतरही राज्याचा प्रस्ताव केंद्रातून परत आला. त्याचा फटका चार वर्षांच्या आत बसला. 2006 चा वनहक्क कायदा चराईचा हक्क मानतो, फिरत्या पशुपालकांचाही मानतो. मात्र अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा वास दाखवला की पुरते; इतरांनी त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, तिथे वास्तव्य होते हे सिद्ध करायचे. म्हणजे 1930 चा पुरावा हवा. त्या काळी गोव्यात पोर्तुगीज राजवट होती. जमीन कागदोपत्री मोकासदाराची म्हणजे इनामदाराची, कोमुनिदादीची म्हणजे गावच्या सामुदायिक संस्थेची, नाहीतर सरकारची. चाऱ्यामागे वाडा हलवणाऱ्या गवळ्याचे नाव त्या कागदावर कुठून येणार? वडीलधाऱ्यांची साक्ष नियमांत पुरावा म्हणून चालते, पण कचेरीत कागदच मागितला जातो. माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. एकाच रानात, एकमेकांना लागून राहणाऱ्या वेळीप आणि धनगर कुटुंबांना पुराव्याचे दोन वेगळे निकष लागतात, आणि जड निकष नेमका त्याच्या वाट्याला येतो ज्याचे पोट पूर्णपणे म्हशींवर आहे.

जानेवारी 2020 मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. गुरे मारली गेल्याच्या रागातून विष घातले, या आरोपावरून धनगर कुटुंबातली माणसे पकडली गेली. चार वाघ मरणे ही भयंकर गोष्ट आहे आणि तिचे समर्थन होऊ शकत नाही. पण दुभती म्हैस गेली की त्या घराची महिन्यांची कमाई जाते. नवी पारडी वाढवून, ती गाभण राहून, दहा महिन्यांनी विऊन दुधावर यायला वर्षे लागतात. नुकसानभरपाईची तरतूद आहे, पण पंचनामा आणि मंजुरी यांत निघून जाणारा काळ त्या घराला परवडत नाही. इकडे सरकारी अनुदान मुख्यत्वे गोठ्यात बांधून पोसायच्या संकरित गाई आणि मुऱ्हा म्हशींच्या खरेदीला मिळते; रानात चरणाऱ्या गावठी म्हशीला त्याचा उपयोग नाही.

जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाने म्हादई आणि लगतची क्षेत्रे तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, असा आदेश दिला. राज्य त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि पुढची सगळी चर्चा व्याघ्र प्रकल्पाच्या त्या आदेशाभोवतीच फिरली. त्याच निकालात वनवासींचे हक्क आणि दावे शक्यतो बारा महिन्यांत ठरवावेत, असेही सांगितले होते. 1999 मध्ये सुरू व्हायला हवे होते ते हेच काम, आणि ते करण्यासाठी वाघाच्या निकालाची वाट पाहण्याची गरज प्रशासनाला तेव्हाही नव्हती आणि आताही नाही.