रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे नाटक का?

(नवऱ्याला किंवा बायकोला ईईजीसाठी, म्हणजे मेंदूतली वीज नोंदवणाऱ्या तपासणीसाठी, आमच्याकडे घेऊन येणाऱ्यांसाठी. वेळ ठरली की एकदा वाचून या.)

दिवसाआड कुणीतरी रिपोर्टचं पाकीट घेऊन काउंटरवर परत येतं. "नॉर्मल आलाय म्हणता, मग ह्यांना फिट येते कशी?" मग आवाज खाली येतो. "टेन्शनचंच असेल ना? की मुद्दाम करतात?" पेशंट मागच्या बाकावर बसलेला असतो आणि त्याला सगळं ऐकू जात असतं.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. मुद्दाम करत नाहीत. ताणाशी, जुन्या आघाताशी नातं असलेले झटके असतात. डॉक्टर त्यांना फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह झटके म्हणतात. त्यात अंग खरंच थरथरतं, भान खरंच जातं. फक्त अपस्मारात, म्हणजे फिटच्या आजारात, मेंदूत विजेचा जो कल्लोळ होतो, तो त्या वेळी नसतो. फिटच्या गोळ्यांनी हे झटके थांबत नाहीत, समुपदेशन आणि मानसोपचार यांनी फरक पडतो. पण लगेच "बघा, टेन्शनचंच होतं" म्हणू नका. खरा अपस्मार असलेल्यालाही जागरण, चुकलेली गोळी किंवा ताण यांनी फिट येते. काहींना तर दोन्ही प्रकारचे झटके येतात. घरात भांडण झालं आणि फिट आली, एवढ्यावरून प्रकार ठरत नाही.

आता नॉर्मल रिपोर्टचं. साधा ईईजी वीस मिनिटं ते अर्धा तास चालतो. डोक्याला वीसेक तारा लावून मेंदूतली वीज नोंदवतो, मध्ये तीनेक मिनिटं जोरात श्वास घ्यायला लावतो, डोळ्यांसमोर दिवा चमकवतो. पंधरा दिवसांतून एकदा येणारी फिट नेमकी आमच्या अर्ध्या तासात कशी येणार? त्यामुळे अपस्मार असूनही पहिला ईईजी नॉर्मल येणं अजिबात नवलाचं नाही. तो रिपोर्ट बघून गोळ्या बंद करू नका. त्या फक्त डॉक्टरांना विचारूनच कमी होतात.

आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो वेगळ्याच गोष्टीत. ज्याने फिट पाहिली, तो माणूस सोबत येत नाही. दीर येतो, मेहुणा येतो, गाडी चालवणारा भाचा येतो. आम्ही विचारतो, फिट कशी येते? "अंग वाकडं करतात." डोळे उघडे होते की मिटलेले? "ते वहिनींना माहीत." मग वहिनींना फोन, वहिनी शाळेच्या रिक्षापाशी, रेंज नाही, आणि पुढचा पेशंट तोवर घड्याळाकडे बघतोय.

न्यूरॉलॉजिस्टसाठी, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांसाठी, हे तपशील आमच्या तारांइतकेच मोलाचे. डोळे सताड उघडे होते की घट्ट मिटलेले? मान एकीकडे वळली की दोन्हीकडे हलत राहिली? झटके सलग होते की थांबून-थांबून? जीभ कडेला चावली गेली का? शुद्धीवर आल्यावर किती वेळ काही उमजत नव्हतं? एकट्या खुणेवरून निदान होत नाही, सगळ्या मिळून बरंच सांगतात. वेळ मात्र घड्याळात बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांचं वाटतं.

याहून उत्तम म्हणजे मोबाईलवरचा व्हिडिओ. एक बाई तीन वेळा येऊन गेल्या. व्हिडिओ काढला होता, पण नवऱ्याला अशा अवस्थेत टिपलं याची लाज वाटून पुसून टाकला. लाज वाटणं आम्ही समजू शकतो. म्हणून धडधाकट असतानाच जोडीदाराला विचारून ठेवा, "पुढच्या वेळी काढू का?" बहुतेक जण हो म्हणतात, कारण आपल्याला काय होतं हे त्यांनाही पाहायचं असतं. आधी त्यांना सुरक्षित करा, मगच फोन हातात घ्या. एकटेच असाल तर फोन उशीला टेकवून ठेवा. पायांकडून काढा, चेहरा आणि दोन्ही हात दिसू द्या, चादर बाजूला सारा, नावाने हाक मारा, आणि ते नीट बोलू लागेपर्यंत बंद करू नका. घरच्या ग्रुपवर टाकू नका. डॉक्टरांना दाखवा, बस.

फिट चालू असताना कुशीवर वळवा, आजूबाजूचं कठीण सामान हटवा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात चमचा घालू नका. कांदा, चप्पल हुंगवणं आता पुरे. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध न येता लागोपाठ दुसरी आली, तर १०८ ला फोन. निदान होईपर्यंत दुचाकी चालवू देऊ नका आणि बाथरूमची कडी आतून लावू नका.

येताना डोक्याला तेल नको. आदल्या रात्री केस शांपूने धुवा. तेलावर तारा चिकटत नाहीत आणि आमचा माणूस अर्धा तास डोकं पुसत बसतो. जागरण करून यायला सांगितलं असेल तर खरंच जागा, आणि गाडी दुसऱ्याने चालवा.

काही जण विचारतात, रिपोर्टवर "टेन्शनमुळे" असं लिहून द्याल का? नाही. आम्ही तंत्रज्ञ नोंद करतो, रिपोर्टवर सही न्यूरॉलॉजिस्टची असते, आणि ईईजीत टेन्शन दिसत नाही. लग्न मोडायला कागद हवा म्हणून आलेलेही पाहिलेत. हिंदू विवाह कायद्यात विवाहाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता, तो १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकला. आमचा रिपोर्ट पेशंटच्याच हातात मिळतो, सासरच्या किंवा माहेरच्या नाही.

झटके वारंवार येत असतील आणि साध्या ईईजीतून उलगडा होत नसेल, तर डॉक्टरांना व्हिडिओ-ईईजीबद्दल विचारा. कॅमेरा आणि तारा एकाच वेळी चालू असताना झटका पकडणं, हीच सगळ्यात खात्रीची तपासणी. आमच्याकडे चार तासांची सोय आहे, स्वतंत्र खोली, जोडीदाराला शेजारी खुर्ची. अनेक दिवस भरती होऊन करायची असेल तर आम्ही मोठ्या रुग्णालयाचाच रस्ता दाखवतो, उगाच दोनदा पैसे घेत नाही.

आणि तुमचं स्वतःचं? रात्री तिचा श्वास ऐकत जागे राहणाऱ्या नवऱ्यांना आम्ही चेहऱ्यावरून ओळखतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तो फक्त पेशंटसाठी नाही.

दुपारी आम्ही बंद नसतो. पेठेतलं केंद्र असूनही. गणेश विसर्जनाच्या दिवशी मात्र रस्ते बंद असतात, त्या आठवड्याची वेळ आधी फोन करून घ्या. दुचाकी बोळात लावा, समोरच्या वाड्याच्या दारात नको. त्यांची पाटी वाचलीत तर कळेलच.