छत्री तिघांना कशी पुरली?

“मे महिन्यातल्या भर दुपारी काका छत्री घेऊन पार्क चौकातून निघाले. वाटेत ओळखीचे तिघे भेटले. सात रस्ता चौक येईपर्यंत छत्री तिघांना छान पुरली.”

तीन वाक्यांत गोष्ट संपली. सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन ज्याने अंगावर घेतलंय, त्याला काका कुठून चालत होते हे सांगावं लागत नाही. लिहिलेलं मात्र ते कुठेच नाही. छोटं विनोदी गद्य आपण ‘हलकंफुलकं’ म्हणून बाजूला ठेवतो, गंभीर लेख वाचून दमलो की त्याच्याकडे वळतो. मला ते सगळ्यात काटेकोर गद्य वाटतं. त्यातला एक शब्द हलला तरी काय बिघडतं, हे मेंदूच्या अभ्यासातून बऱ्यापैकी कळू लागलं आहे.

वाचताना मेंदू शब्दाची वाट बघत बसत नाही, पुढचा शब्द त्याने आधीच धरलेला असतो. 1980 साली अमेरिकेत मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलियार्ड यांनी लोकांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली. काही वाक्यांचा शेवट मुद्दाम बिघडवलेला होता. त्यातल्या एका वाक्यात माणूस गरम पावाला चक्क मोजे लावतो. आपल्याकडे भाकरीबरोबर शेंगा चटणीऐवजी मोजे वाढले म्हणा. असा विसंगत शब्द दिसला की साधारण 400 मिलिसेकंदांनी मेंदूतल्या विद्युत नोंदीत एक ठळक ऋण लाट उमटते. तिला एन-400 म्हणतात. शब्द जितका अनपेक्षित, तितकी लाट मोठी.

पण नुसत्या धक्क्याने विनोद होत नाही. मोजे वाचून आपण चमकतो आणि पुढे जातो. 1972 साली मानसशास्त्रज्ञ जेरी सल्स यांनी मांडलं की विनोद समजण्याच्या दोन पायऱ्या असतात: आधी अपेक्षा मोडते, मग त्या मोडलेल्या तुकड्याला बसेल असा दुसरा अर्थ सापडतो. दुसरी पायरी नसेल तर उरतो फक्त गोंधळ.

या दोन पायऱ्या खरंच वेगळ्या आहेत, हे हायरम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली फार सुंदर रीतीने दाखवलं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना त्यांनी अर्धवट विनोद दिले आणि अनेक पर्यायांतून शेवट निवडायला सांगितला. आपल्या छत्रीचेच पर्याय करून बघू. एक: “तिघांनी काकांना नमस्कार केला.” जुळतं, पण त्यात नवल काही नाही. दोन: “सात रस्त्याला एक हत्ती पोहत होता.” नवल आहे, पण जुळत काहीच नाही. तीन: “छत्री तिघांना छान पुरली.” त्या रुग्णांना शेवटी नवल हवं हे कळत होतं, पण दुसऱ्या प्रकारचे, न जुळणारे शेवट ते वारंवार निवडत होते. धक्का ओळखता येत होता, जुळणी हातून निसटत होती. नवखा विनोदी लेखक नेमका इथेच अडखळतो. हत्ती आणला की काम झालं असं त्याला वाटतं.

सीना कूलसन आणि सहकाऱ्यांनी 2006 साली वाचकांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. विनोदी शेवट आला की डोळे वाक्यात मागे जास्त वळत होते. तितक्याच अनपेक्षित, पण बिनविनोदी शेवटांवर हे कमी घडत होतं. म्हणजे वाचक मागे जाऊन सगळं चित्र नव्याने मांडतो. काका, तिघे, ऊन, छत्री ही सामग्री आधीच ठेवलेली असते, फक्त काका छत्रीतून बाहेर काढायचे असतात. ते काम वाचकाने करायचं असतं. “बिचारे काका मात्र उन्हात” असं चौथं वाक्य लिहिलंत, तर त्याच्या वाट्याचं काम तुम्हीच केलंत. हसवणारी व्यंगचित्रं बघताना मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा जागी होते, असं 2003 साली डीन मॉब्स आणि सहकाऱ्यांना मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. ते बक्षीस वाचकाला स्वतःच्या कष्टाने मिळू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता मराठीची एक सोय. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि त्याहून शेवटी ‘नाही’, ‘असं म्हणे’, ‘असं सांगतात’ ही शेपटं येतात. “मामांनी गड्डा यात्रेत आम्हाला पाळण्यात बसवलं, भेळ खाऊ घातली, फुगे घेऊन दिले, असं मामी सगळ्यांना सांगते.” पाळणा, भेळ, फुगे हे सगळं आपण खरं धरून चाललेलो असतो. शेवटच्या तीन-चार शब्दांत मामांचा सगळा खर्च संशयात सापडतो. हेच वाक्य ‘मामी सगळ्यांना सांगते की’ असं सुरू करून बघा, उरते ती नुसती माहिती. सोलापुरात मराठीच्या जोडीने कानावर पडणाऱ्या कन्नड आणि तेलुगूतही क्रियापद शेवटीच येतं आणि ‘असं सांगते’ची शेपटीही त्या भाषांत वाक्यामागेच लागते. नव्या पेठेत सौदा करताना या भाषेतून त्या भाषेत जाणाऱ्या माणसाच्या कानाला शेवटापर्यंत थांबायची सवय असते. इथल्या गप्पांत शेवटच्या शब्दावर पलटी मारणारे इतके जण भेटतात, त्यामागे ही सवयही असावी.

शेवटाकडे लक्ष वेधायला लेखक उद्गारचिन्हं पेरतात, तीन-तीन टिंबं देतात. बोलताना सांगणारा आधी थांबतो, मग आवाज चढवतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. लुसी पिकरिंग, साल्वातोरे अत्तार्दो आणि सहकाऱ्यांनी 2009 साली विनोद सांगणाऱ्यांचे आवाज यंत्रावर तपासले. निर्णायक वाक्याआधी खास विराम सापडला नाही, आवाजही चढलेला नव्हता. उलट स्वर खाली उतरत होता. चांगला सांगणारा साधेपणाने सांगून मोकळा होतो. कागदावरही पूर्णविराम पुरतो.

राहिला हसण्याचा हिशोब. हसण्याचा अभ्यास करणारे रॉबर्ट प्रोव्हाइन यांच्या निरीक्षणात माणसं एकटी असताना जितकी हसतात, त्याच्या तीसपट सोबतीत हसतात. वाचक बहुतेक वेळा एकटा असतो. त्याच्या तोंडून हसू फुटलं नाही म्हणून लेख फसला असं धरू नये, आणि विनोदी लेखनाच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी तर मुळीच धरू नये. लेख चांगला आहे की नाही हे बघायचं असेल, तर तो एकदा मोठ्याने, चारचौघांत, आवाज न चढवता वाचावा आणि ऐकणारे कोणत्या शब्दावर मान वर करतात तिकडे लक्ष ठेवावं. शेवटच्या शब्दाच्या आधीच माना वर झाल्या, तर त्या जागेनंतरचा लेख कापता येतो.